तेलावरून जाणारा चेंडू

बोलिंग म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. मी सांगतो आहे ते अमेरिकेतले दहा पिनांचे बोलिंग. पिना ६० फुटांवर मांडलेल्या. चेंडू १६ पौंडांपर्यंत जड, अन् वाटेत पहिल्या सुमारे ४० फुटांवर तेलाचा पातळ थर! चेंडूला आडवी फिरकी दिलेली असते. तेलावर तो नुसता घसरतो. कोरडी जागा लागली, की पकड घेऊन वळतो आणि पिनांवर तिरका आदळतो. हा तिरकेपणाच पिना पाडतो, बरं का!

आता चेंडू चकचकीत हवा की खरबरीत? गुळगुळीत झालेली चप्पल घालून शेवाळलेल्या फरशीवर चाललात तर पाय सटकतो. तळाला खाचा असल्या तर ठरतो. तसेच इथे. ५०० नंबरच्या कागदाने घासलेला चेंडू तेलातही पकड घेतो. मग सगळेच चेंडू घासावेत का? तसं नाही. तेल थोडे असले, तर असा चेंडू फार लवकर वळतो आणि पिनांपाशी पोचेतो त्याचा जोर सरलेला असतो. पॉलिश केलेला लांबवर घसरतो, जोर राखतो, शेवटी झटकन वळतो. तेल दाट असेल, तर मात्र वळतच नाही!

पंचाईत अशी, की प्रत्येक चेंडू थोडे तेल पुसून नेतो. सकाळी जमलेला चेंडू दुपारी फसतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे स्पर्धा सुरू झाल्यावर चेंडू घासताही येत नाही; कोरड्या फडक्याने पुसता मात्र येतो. म्हणून कसलेला खेळाडू वेगवेगळे घासलेले चार-सहा चेंडू बरोबर आणतो. ओझे त्याचे त्यालाच!