मारामारोशची शिरगणती

(अभ्यासवर्गातील भाषण)

मारामारोश हा जिल्हा जुन्या सीमांसह आज कोणत्याही नकाशावर आढळणार नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी तो हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात, कार्पेथियन पर्वताच्या कुशीत होता. सिगेत हे त्याचे मुख्य ठाणे. अरण्यातील लाकूड टिसा नदीतून खाली वाहून नेले जाई. खाणीतील मिठावर सरकारची मक्तेदारी होती. संपत्ती अशी बाहेर जाई आणि डोंगरातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला दारिद्र्य उरे.

१९१०च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख ५७ हजारांवर भरली. रुसिन भाषक सुमारे ४५ टक्के, रुमानियन २४, जर्मन १७ आणि राज्यकर्त्यांची मग्यार भाषा बोलणारे जेमतेम १५. परंतु या आकड्यांत एक मोठा समाज दिसतच नाही. यिडिश भाषेला स्वतंत्र रकाना नव्हता. ती बोलणारे ज्यू जर्मन किंवा मग्यार भाषकांत जमा केले गेले. धर्माच्या रकान्यात मात्र त्यांची नोंद होती, आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास होता.

शासनाला तेव्हा मग्यारांची संख्या वाढवून हवी होती. १९०७च्या शिक्षण कायद्याने इतर भाषांच्या शाळांवरही मग्यार भाषेची सक्ती आणली. मताचा अधिकार साऱ्या हंगेरीत सुमारे सहा टक्के लोकांनाच होता. जनता मोजली जात होती. तिला विचारले जात नव्हते.

१९२०च्या त्रियानों तहाने जिल्हा दुभंगला. टिसेच्या उत्तरेचा भाग चेकोस्लोवाकियाकडे आणि दक्षिणेचा रुमानियाकडे गेला. स्लातिनाची मिठाची खाण एका देशात राहिली, तर समोरच्या काठावरील सिगेत दुसऱ्या देशात. पुढे हंगेरीने १९३९मध्ये उत्तर भाग आणि १९४०मध्ये सिगेतसह दक्षिण भाग पुन्हा घेतला.

आणि मग कागदांची झडती सुरू झाली. १९४१च्या उन्हाळ्यात, ज्या ज्यूंना हंगेरियन नागरिकत्व सिद्ध करता आले नाही, अशा हजारोंना सीमेपार हाकलण्यात आले. ज्या मुलखात वीस वर्षांत राज्येच बदलली, तेथल्या गरीब सुताराने वा गाडीवानाने जुने दाखले आणावेत कोठून? ऑगस्टअखेर कामेनेत्स-पोदोल्स्क येथे नाझींनी २३ हजारांहून अधिक ज्यूंची कत्तल केली. त्यांत हे निर्वासित मोठ्या संख्येने होते. ज्यांच्यापाशी कागद होते, त्यांनाही कागद वाचवू शकले नाहीत. मे १९४४मध्ये हंगेरियन शिपायांनीच सिगेतचे ज्यू आउशवित्झच्या गाड्यांत कोंबले. त्यांत पंधरा वर्षांचा एली विझेल होता. १९८६चे शांततेचे नोबेल पारितोषिक पुढे त्याला मिळाले.

१९४५मध्ये उत्तर काठ सोव्हिएत संघाकडे गेला, १९९१पासून तो युक्रेनमध्ये आहे. दक्षिण काठ रुमानियात आहे.

साथींनो, शिरगणती स्वतः गुन्हेगार नसते. शाळा, जमीन, रोजगार यांचे न्याय्य वाटप करायचे तर मोजणी हवीच. म्हणूनच ती होत असताना कार्यकर्त्याने वस्तीवर हजर असले पाहिजे. कोणत्या रकान्यात कोण अदृश्य होतो, दाखला नसलेल्याचे पुढे काय होणार आणि नोंदीचा उपयोग कोण कशासाठी करणार, हे प्रश्न त्याने तेव्हाच विचारले पाहिजेत. मारामारोशमध्ये ते वेळेवर विचारणारी संघटित शक्ती उभी राहिली नाही.