सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद : पेढी, शब्द आणि घराणे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा साहजिकच मागे वळून पाहिले जाते. कोणी जागा दिली, कोणी पहिली वर्गणी घातली, कोणी दगडाधोंड्यांत उभे राहून पाया खणून घेतला, ही नावे आठवली जातात. ती आठवलीच पाहिजेत. परंतु त्याही मागे एक पिढी असते. तिने देणग्या दिल्या, आणि द्यायचे ते कशासाठी व कोणत्या मर्यादेत, हेही आपल्या वागण्यातून ठरवून ठेवले. महाराष्ट्रातील दिगंबर जैन समाजापुरते बोलायचे तर अशा पिढीतील एक ठळक नाव म्हणजे सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी. आज त्यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय आणि स्मृतिमंदिर सोलापूरकरांच्या परिचयाचे आहे. नाव रोज उच्चारले जाते, माणूस मात्र हळूहळू विस्मृतीत जातो. म्हणून आजचा विषय त्यांचा आहे.

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने गुजराती आणि मारवाडी कुटुंबे दख्खनच्या पठारावर आली, गावोगावी दुकाने थाटून राहिली आणि दोन-तीन पिढ्यांत मराठी झाली. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि मंदिरात प्राकृत-संस्कृत अशी तिपेडी भाषा घेऊन वाढलेल्या या कुटुंबांपैकीच हे एक. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा त्यांचा व्यवसाय. सोलापूर त्या वेळी झपाट्याने बदलत होते. १८६० साली तेथे रेल्वे आली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले. १८७० च्या दशकात सोलापुरात कापडगिरणी उभी राहिली. ज्या कसब्यात आठवडी बाजार हाच मोठा व्यवहार होता, तेथे आता मुंबईच्या दराची तार येऊ लागली.

या काळाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि कर्जाचे कागद जाळले. ते सावकार बहुतांशी मारवाडी आणि गुजराती होते, हे नाकारता येत नाही. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्याची मोठी झळ सोलापूर जिल्ह्याला बसली. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. व्यापारी घराण्याविषयी समाजाच्या मनात संशय असण्याचा तो काळ होता. अशा वेळी पेढीवर बसणाऱ्या माणसाजवळ भांडवल किती आहे, यापेक्षा त्याच्या शब्दाची किंमत काय आहे, हा प्रश्न अधिक मोठा होता. हिराचंद शेठजींच्या पुढील आयुष्यात हाच प्रश्न एका वेगळ्या आणि कठीण रूपात त्यांच्या दारी आला.

१८८४ च्या सुमारास हिराचंद शेठजींनी सोलापुरातून 'जैन बोधक' हे पत्र सुरू केले. मराठीतील आरंभीच्या जैन नियतकालिकांत त्याचे स्थान अग्रगण्य आहे. आज याचे विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी धर्मग्रंथ छापणे हाच समाजात वादाचा विषय होता. छापखान्यातील शाई, खिळे, कामगारांचा स्पर्श, रद्दीत जाणारी पाने, या साऱ्यामुळे जिनवाणीची आसातना होते, असे मानणारा मोठा वर्ग होता. त्यांची भावना श्रद्धेतूनच आलेली होती, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र जे शास्त्र कोणी वाचतच नाही, त्याचा विनय कोणत्या प्रकारे होतो, हा प्रश्नही तितकाच खरा होता. शेठजींनी या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने उभे राहणे पत्करले.

त्याच सुमारास मुंबईहून त्यांना एक पत्र आले. मुंबईचे प्रसिद्ध जवाहिरे शेठ माणिकचंद हिराचंद हे त्यांचे जिवलग मित्र. (नावातील साम्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. माणिकचंद शेठ मूळचे सुरतचे. त्यांचे वडील हिराचंद निराळे.) माणिकचंद शेठ १८८३ साली संघ घेऊन मूडबिद्रीच्या यात्रेला गेले होते. तेथे रत्नप्रतिमांबरोबर सिद्धांतग्रंथांचे दर्शन घडवीत. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांच्या षट्खंडागमावरील वीरसेनस्वामींची धवला टीका आणि कषायप्राभृतावरील जयधवला, हे ते ग्रंथ. धवलेचे प्रमाण सुमारे ७२ हजार श्लोकांचे आणि जयधवलेचे सुमारे ६० हजारांचे. जुन्या कन्नड लिपीतील ही ताडपत्रे अन्यत्र कोठेही नव्हती. यात्रेकरू त्यांना नमस्कार करीत, अर्घ्य वाहत आणि परत जात. ताडपत्रे जीर्ण होऊन तुटू लागली होती, आणि ती वाचणारा तेथे कोणी नव्हता. वाचू शकतील असे एकच नाव सांगितले गेले, ते श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री.

हे सारे माणिकचंद शेठनी सोलापूरला कळविले, आणि हिराचंद शेठजी दुसऱ्याच वर्षी, १८८४ साली, स्वतः निघाले. मंगळूरपर्यंत रेल्वे पोहोचली ती १९०७ साली. म्हणजे त्यापूर्वी तेवीस वर्षे, व्यापाराचा हंगाम आणि पेढीचे व्यवहार मागे ठेवून, हा प्रवास त्यांनी केला. ब्रह्मसूरी शास्त्रींना बरोबर नेले. शास्त्रीजींनी धवलेचे मंगलाचरण वाचून दाखविले. कित्येक पिढ्यांनी ज्याची केवळ पूजा केली होती, ते त्या दिवशी श्रोत्यांच्या कानी पडले. प्रत करून ठेवलीच पाहिजे, हा निश्चय त्या वाचनातून झाला.

निश्चय आणि सिद्धी यांच्यामध्ये मात्र बारा वर्षे गेली. मूडबिद्रीच्या भट्टारकांची आणि पंचांची संमती मिळविणे सोपे नव्हते. सातशे-आठशे वर्षे जीवापाड जपलेला ठेवा कोणाच्या हाती द्यावा, ही त्यांची काळजी होती. शेवटी दोन्ही शेठजींनी पुढाकार घेऊन समाजातून वर्गणी जमविली. ती सुमारे १४ हजार रुपये झाली. १८९६ साली ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी लेखनास आरंभ केला. पुढे ब्रह्मसूरी शास्त्रींचे निधन झाले. गजपती शास्त्रींनी काम चालू ठेवले. नागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींतील प्रती पूर्ण होईपर्यंत १९२२ साल उजाडले. सव्वीस वर्षे हे काम चालले. पैसा देणाऱ्यांपैकी कित्येकांना ते पूर्ण झालेले पाहता आले नसेल. तरी वर्गणी थांबली नाही.

आता त्या कसोटीच्या प्रसंगाविषयी. या प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, अशी तेथील मंडळींची अट होती. गजपती शास्त्रींनी मात्र लेखन चालू असतानाच आपल्या घरी गुप्तपणे आणखी एक प्रत तयार केली. त्यांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचे त्यात मोठे साहाय्य होते. ती प्रत घेऊन ते प्रथम आले सोलापूरला, हिराचंद शेठजींकडे. योग्य मोबदला देऊन ती ठेवून घ्यावी, अशी त्यांची विनंती होती.

क्षणभर त्या पेढीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ज्या ग्रंथासाठी दूरचा प्रवास केला, ज्याच्यासाठी दारोदार वर्गणी मागितली, तो ग्रंथ गादीसमोर ठेवलेला आहे. देणारा राजी आहे. घेणाऱ्याजवळ पैसा आहे. हेतूही शुद्धच आहे. तरीही शेठजींनी ती प्रत घेतली नाही. मूडबिद्रीच्या पंचांशी जे ठरले, त्याला हे धरून नाही, एवढेच कारण. इतकेच नव्हे, तर माणिकचंद शेठनाही त्यांनी कळविले की, आपणही ही प्रत घेऊ नये.

कथा येथे संपत नाही, हे सांगितले नाही तर सत्याचा अपलाप होईल. गजपती शास्त्री उत्तरेकडे सहारनपूरला गेले. तेथील लाला जंबूप्रसाद यांनी ती प्रत स्वीकारली. पुढे त्या प्रतीवरून इतर प्रती निघाल्या. अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन केले, आणि १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला भाग छापून प्रसिद्ध झाला. सोळावा भाग १९५८ साली आला. पुढील खंडांच्या वेळी मूडबिद्रीच्या मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची संमतीही तेथील धुरीणांनी उदारपणे दिली.

म्हणजे शेठजींनी ज्या प्रतीला नकार दिला, तिच्यामुळेच जिनवाणी सर्वांच्या हाती आली. मग त्यांचे चुकले काय? लक्ष्मीबाईंचे आणि लाला जंबूप्रसादांचे उपकार समाजावर आहेत, ते मान्य केलेच पाहिजेत. परंतु शेठजींना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होता तो दिलेला शब्द. चांगल्या कार्यासाठी थोडी अप्रामाणिकता चालते, असे एकदा मानले की पुढे 'थोडी' म्हणजे किती, हे ठरविणारा कोणी उरत नाही. अचौर्य अणुव्रताच्या व्याख्या पाठ असणे निराळे, आणि आयुष्यभराची इच्छा समोर ठेवलेली असताना हात मागे घेणे निराळे. मूडबिद्रीने पुढे दरवाजे उघडले ते विश्वासामुळे. तो विश्वास टिकविण्यात या नकाराचाही वाटा असावा, असे म्हणता येते.

शेठजींचे घराणे पुढे सर्वपरिचित झाले ते त्यांच्या पुत्रांमुळे. पुत्र वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. आई राजूबाईंचे छत्र अगदी लहानपणी हरपले. शिक्षण अर्धवट सोडून ते पेढीवर आले खरे, पण त्यांचे मन सावकारीत रमले नाही. रेल्वेतील माजी लिपिक लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. गादीवर बसून व्याज मोजणाऱ्या घरातील मुलगा मातीकामाच्या मजुरांत उभा राहिला. पुढील इतिहास देशाचा आहे. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून निघाले, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी केंद्राची कोनशिला, इंदापूर तालुक्यातील माळरानावर उभे राहिलेले वालचंदनगर. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी हा पसारा सांभाळला आणि वाढविला.

पुत्रांची कीर्ती सांगताना कन्येचा विसर पडू नये. शेठजींच्या कन्या ब्रह्मचारिणी कंकुबाई यांनी श्राविकांच्या शिक्षणाला वाहून घेतले. कारंजा येथील श्राविकाश्रमाला त्यांचे नाव आहे. ज्या काळी विधवेने आणि परित्यक्तेने घराच्या कोपऱ्यात बसावे अशी रीत होती, त्या काळी त्यांच्या हाती पाटी आणि शास्त्र देणे, हे जहाज पाण्यात लोटण्याइतकेच धाडसाचे होते. त्याची नोंद वर्तमानपत्रांत कमी झाली, एवढाच फरक.

याच सोलापुरातील आणखी एका दोशींचा उल्लेख करून हा विषय पूर्ण करणे उचित होईल. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० साली वाटले की, न्यायाने मिळविलेली संपत्ती धर्म आणि समाज यांच्या कामी लागावी. त्यांनी स्वतःच्या मनाने ठरविले नाही. देशभर फिरून विद्वानांची मते गोळा केली. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा क्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावून विचारले, हा पैसा कशाला लावू? त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्मास आला. आधी त्यांनी ३० हजार रुपये दिले. १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती विश्वस्त निधी म्हणून संघाला अर्पण केली, आणि १६ जानेवारी १९५७ रोजी समाधिमरण साधले. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली जीवराज जैन ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ती'सारखे ग्रंथ प्रकाशित केले. पुढे धवलेच्या खंडांचे पुनर्मुद्रणही याच संघाने हाती घेतले. एका सोलापूरकराने मूडबिद्रीला जाऊन जे प्रथम ऐकले, ते अखेर सोलापुरातूनच वाचकांच्या हाती गेले.

विश्वस्त या शब्दातच विश्वास आहे. दान देणे, देण्यापूर्वी जाणकारांना विचारणे, आणि ठरलेल्या अटी कोणी पाहत नसतानाही पाळणे, या तीन गोष्टी या दोन पूर्वजांच्या चरित्रांतून मिळतात. पन्नास वर्षांचा हिशेब सभेपुढे मांडला जाईल तेव्हा जमा आणि खर्च तपासले जातीलच. त्याबरोबर दिलेले शब्द किती आणि पाळलेले किती, हेही एकदा ताडून पाहावे. पुढील श्रुतपंचमीला जिनवाणीची पूजा होईल तेव्हा धवलेचा एखादा खंड कपाटातून केवळ दर्शनासाठी न काढता त्याचे एक पान सभेत वाचले जावे. १८८४ साली मूडबिद्रीत झालेल्या त्या वाचनाचे तेच खरे स्मरण होईल.

जय जिनेंद्र.