उपटलेली रोपं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी निम्म्या जणांनी कॉफी नाकारली. "रात्री झोप येत नाही गं!" चाळिशी ओलांडल्याची ही खूणच. म्हणून माझ्या कामाविषयी सांगताना सुरुवात कॉफीपासून करते.

बिनकॅफिनची कॉफी बाजारात मिळते, पण ती होते कारखान्यात. हिरव्या बियांतलं कॅफिन पाणी, द्रावक किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून काढतात. त्यात थोडा स्वादही जातो. झाडानेच कॅफिन बनवलं नाही तर?

ब्राझीलमधल्या कांपिनास इथल्या कृषी संशोधन संस्थेने इथिओपियातून आलेल्या बियांची अरेबिका झाडं वर्षानुवर्षं जपली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी सुमारे ३,००० झाडं तपासली आणि २००४ मध्ये जाहीर केलं की, त्यातली ३ झाडं जवळजवळ बिनकॅफिनची आहेत. अरेबिकाच्या बीत साधारण १.२ टक्के कॅफिन असतं, यांच्यात जेमतेम ०.०७. कॅफिन बनण्याची शेवटची पायरी म्हणजे थिओब्रोमिनचं कॅफिन होणं. ती पायरीच या झाडांत अडली होती. आम्ही ज्याला 'बग' म्हणतो, तोच इथे गुण ठरला!

पण ही झाडं फळं कमी देतात. मग भरघोस वाणांशी त्यांचा संकर करायचा. बाईंनी फळ्यावर मेंडेलच्या चौकटी काढल्या होत्या, आठवतं? संकरात एखादा गुण दडून बसतो आणि पुढच्या पिढीत काही रोपांतच वर येतो. ती कोणती, हे फळावरून ओळखायचं तर कॉफीला फळ धरायला ३-४ वर्षं लागतात. इथे जनुकीय खूण कामी येते. रोपवाटिकेतल्या कोवळ्या पानातून डीएनए काढायचा, हव्या जनुकाशी जोडलेली खूण तपासायची. ज्यात ती आहे ती रोपं ठेवायची, बाकीची उपटायची.

अशा तपासणीचे निकाल वाचणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. आमचे ग्राहक भाजीपाल्याचं बियाणं करणारे, पण रीत हीच. एका तबकडीत ९६ खळगे, प्रत्येकात एका रोपाचा नमुना. एकदा नव्या यंत्राने नमुने उभ्या ओळींनी वाचले आणि माझ्या प्रोग्रॅमने ते आडव्या ओळींचे समजून नोंदवले. चांगली रोपं 'उपटा'च्या यादीत गेली. दोन दिवसांनी तिथल्या पैदासकारांचा फोन आला, "ताई, तुमच्या निकालात आमचं मूळ वाणच नापास झालंय!" माझ्या पोटात गोळा आला. रोपं तर उपटून झाली होती.

पण त्यांनी ती फेकली नव्हती. शेडमागे ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती. "निकाल पुन्हा बघितल्याशिवाय मी काही टाकत नाही," ते म्हणाले. बरीचशी रोपं वाचली. तेव्हापासून मूळ वाणाचा नमुना जुळल्याशिवाय माझा प्रोग्रॅम यादीच देत नाही.

खूण खोटं बोलत नाही, पण आपण विचारलं तेवढंच सांगते. केवळ उत्पन्नाचे मार्क पाहिले असते, तर कांपिनासची ती ३ झाडं केव्हाच तोडली गेली असती.

बाई, आमच्या तुकडीतले चौघं दहावीला नापास झाले, तेव्हा तुम्ही त्यांना ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवलंत. मी तेव्हा माझ्या गुणपत्रिकेचे पेढे वाटत होते. त्यांच्याकडे साधं वळूनही पाहिलं नाही. त्या चौघांपैकी दोघं आजच्या मेळाव्याचे संयोजक आहेत. मांडवापासून जेवणापर्यंत सगळं त्यांनी उभं केलंय. त्यांची माफी मागायला मला तीस वर्षं लागली. ती आज मागते.