गर्भातील बाळ आणि पारा
(सुपे, ता. बारामती येथील भाषण)



शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे परगण्याच्या या जिरायती भागात पाऱ्याचा विषय कशासाठी, अशी शंका आपणांस येणे साहजिक आहे. परंतु पारा घरात शिरतो तो चेहरा उजळविणाऱ्या मलमाच्या डबीतून आणि फुटलेल्या तापमापकातून.

जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीवाटे माणसांच्या पोटात गेला. १९५६ साली हा रोग उघडकीस आला. आईला फारसा त्रास नसतानाही कित्येक बाळे मेंदूचे अपंगत्व घेऊन जन्मली. कारण हा पारा वार ओलांडून गर्भाच्या वाढत्या मेंदूपर्यंत पोहोचतो. मग चालणे, बोलणे, शिकणे मागे पडते.

हे दूरचे मानू नये. अकोल्यातील मायलेकींची मूत्रपिंडे बिघडल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी वापरलेल्या मलमात पारा आढळला होता. असा पारा गर्भासही अपायकारक ठरू शकतो.

भारताने २०१८ साली मिनामाता कराराला मान्यता दिली. तरी कायदा उंबरठ्याआत पोहोचवावयाचा तो आपणच. घटक न छापलेले मलम गरोदर स्त्रीने वापरू नये. तापमापक फुटल्यास झाडू फिरवू नये. खिडक्या उघडून, गरोदर स्त्री व मुले यांना दूर ठेवून, जाड कागदाने थेंब बंद बाटलीत भरावेत आणि आरोग्य कर्मचाऱ्यास कळवावे.

सावळ्या मुलीचे लग्न अडते, या समजुतीवरच ती डबी खपते. ही समजूत शाळेत आणि ग्रामसभेत मोडून काढणे, हेच खरे बालसंगोपन होय.