नवा साहेब आणि नोकरीची धास्ती

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हाला बोलण्यासाठी दिलेला विषय 'बचत व बँक व्यवहार' असा होता. परंतु गेल्या वर्षभरात वस्तीतील जी तरुण मंडळी आमच्याकडे बँकेचे काम घेऊन येतात, त्यांचा प्रश्न बचतीचा नसतो. "काका, आमच्या कंपनीत वरचे साहेब बदलले, माणसे कमी करणार असे म्हणतात. हप्ता तीन महिने थांबवता येतो का?" असे ते विचारतात. हा प्रश्न एकदा नव्हे, सहा-सात वेळा ऐकला, तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला. आम्ही काही अर्थतज्ज्ञ नाही. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि २००९ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो, एवढीच आमची पात्रता. तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने करावे तेच आम्ही करणार आहोत. हे पूर्वी कोठे घडले आणि ज्यांच्यावर घडले त्यांनी काय केले, ते सांगणार आहोत.

आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या कंपनीची एक ख्याती होती. तेथे लागलेल्या माणसाला मंदीमुळे काढीत नसत. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत कारखाने पटापट बंद पडत असता थॉमस वॉटसन या तिच्या प्रमुखाने कारखाने चालू ठेवले व माणसे ठेवली. न्यूयॉर्क राज्यातील एंडिकॉट, पोकीप्सी, किंग्स्टन ही गावे या एका कंपनीवर जगत. बाप तेथे, मुलगा तेथे. आपल्याकडे गिरणगावात किंवा रेल्वे कॉलनीत जे होते, तसलेच. १९८० नंतरच्या दशकात तिच्याकडे जगभर चार लाखांवर माणसे होती.

मग लहान संगणक आले, मोठ्या यंत्रांचा भाव पडला, आणि कंपनी तोट्यात गेली. मार्च १९९३ च्या अखेरीस हडसन नदीच्या खोऱ्यातील गावांत दोन हजारांहून अधिक माणसांना कामावरून कमी केल्याचे सांगण्यात आले. दोनच दिवसांनी, १ एप्रिल १९९३ रोजी, नवे प्रमुख रुजू झाले. त्यांचे नाव लुई गर्स्टनर. ते कंपनीत वाढलेले नव्हते. बिस्किटे आणि सिगारेट विकणाऱ्या कंपनीतून ते आले होते. ज्यांनी उभा जन्म संगणक बनवण्यात घालवला त्यांना बिस्किटवाला साहेब मिळाला म्हटल्यावर काय कुजबूज झाली असेल, याची कल्पना कोणत्याही बँक कर्मचाऱ्याला करता येईल. आमच्याकडे नवे अध्यक्ष येणार अशी नुसती बातमी आली, की पहिल्या दिवशी ते कोणत्या राज्याचे याची चौकशी होते, दुसऱ्या दिवशी मागच्या ठिकाणी त्यांनी किती शाखा बंद केल्या याची, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बदल्यांची यादी तयार असते. ती यादी कोणी पाहिलेली नसते, पण आपले नाव तीत आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

गर्स्टनर यांनी जुलै १९९३ मध्ये आणखी पस्तीस हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्या वर्षी कंपनीचा तोटा आठशे कोटी डॉलरच्या वर गेला. १९९४ अखेर माणसे उरली सुमारे दोन लाख वीस हजार. येथे आम्हाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की या गृहस्थांनी कंपनी वाचवली. तिचे तुकडे करून टाकायचे असा आधीचा बेत होता, तो त्यांनी मोडला. २००२ साली ते निवृत्त झाले तेव्हा कंपनी भक्कम होती. म्हणजे साहेब वाईट होता म्हणून माणसे गेली, असा सोपा हिशेब येथे बसत नाही. पण एंडिकॉटच्या माणसाने काय करायचे? कंपनी वाचली हे खरे, पण ती ज्या गावात जन्मली त्या गावातला कारखाना २००२ साली विकला गेला.

आता आपला संबंध येतो तो येथून पुढे. हीच आयबीएम १९७८ साली भारतातून निघून गेली होती. परदेशी भांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्याचा आपला कायदा तिला मान्य झाला नव्हता. १९९२ साली टाटांच्या भागीदारीत ती परत आली. नंतर तिने एकटीने पाय पसरले. २००३ सालापासून अमेरिकन वृत्तपत्रांत बातम्या येऊ लागल्या, की तेथील लिहिण्या-वाचण्याचे, संगणकाचे, सेवेचे काम भारतासारख्या देशांत पाठवण्याचा विचार कंपनीच्या आतल्या बैठकांत चालला आहे. २००९ साली तर तिने आपल्या अमेरिकेतील व कॅनडातील कामावरून कमी केलेल्या माणसांपुढे एक योजना ठेवली. भारत, ब्राझील वगैरे देशांत जायची तयारी असेल तर तेथे नोकरी देऊ, पगार मात्र तेथील दराने. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसलो. नंतर वाटले, हसण्यासारखे यात काय आहे? त्या माणसाचा पगार जास्त होता हा त्याचा गुन्हा, आणि आपल्या मुलाचा पगार कमी आहे ही आपल्या मुलाची गुणवत्ता. २०१७ साली न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले, की आयबीएमची भारतातील माणसे एक लाख तीस हजार असून ती अमेरिकेतील माणसांपेक्षा जास्त आहेत.

बंधू-भगिनींनो, यात आपल्या वस्तीतील मुलेही आहेत. आयबीएममध्येच असे नव्हे, पण अशाच कामावर. ज्यांच्या आजोबांनी खडी फोडली, त्यांची नातवंडे हिंजवडीला गळ्यात ओळखपत्र घालून जातात, याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु ती नोकरी कोठून आली हेही माहीत असू द्यावे. आमचा पुतण्या त्याच्या पहिल्या वर्षी सांगत होता, की समुद्रापलीकडचा एक वयस्क माणूस रोज संध्याकाळी दोन तास त्यांना फोनवर काम शिकवतो. याला ही मुले 'केटी' म्हणतात. (आमच्या कॉलेजच्या दिवसांत केटी लागली म्हणजे विषय राहिला असा अर्थ होता. आता केटी झाली म्हणजे शिकवणाऱ्याची नोकरी गेली असा झाला आहे.) सहा आठवड्यांनी तो माणूस म्हणाला, उद्यापासून मी नसेन, काही अडले तर लिहून ठेवा. पुतण्याने विचारले, "काका, त्याला काय बोलायला हवे होते?" आम्हाला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

आणि आता तीच वेळ इकडे आली आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे एकूण कर्मचाऱ्यांच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात भर मधल्या व वरच्या पायरीवरच्यांवर होता. टाटांच्या घरातील नोकरी म्हणजे सरकारी नोकरीची धाकटी बहीण, असे आपण समजत होतो. कारण काय, तर या माणसांना नव्या कामात बसवता येत नाही. ज्याने पंधरा वर्षे एकच काम नीट केले, तो नेमका याच वाक्यात सापडतो.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. एप्रिल २०२० मध्ये आयबीएमच्या प्रमुखपदी अरविंद कृष्ण आले. आंध्रातले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. आपल्या वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. पुढच्याच महिन्यात, कोरोनाची साथ चालू असताना, अमेरिकेत अनेक राज्यांत माणसे कमी झाली. किती, ते कंपनीने सांगितले नाही. साहेब आपला आहे की परका, यावर नोकरी टिकत नाही. आपल्या बँकांत, कार्यालयांत आपला साहेब आला म्हणून हार घेऊन धावणाऱ्या आमच्या मित्रांनी याचा विचार करावा. हार घालू नका असे नाही. हार घालून झाल्यावर यादी मागावी, एवढेच.

आकडे न सांगण्यावरून आठवले. २०१० पासून आयबीएमने अमेरिकेत आपली किती माणसे आहेत हे सांगणे बंद केले. कामावरून कमी करण्याला तिने नावही असे दिले होते, 'रिसोर्स अॅक्शन', की ऐकणाऱ्याला एखादी खुर्ची हलवल्यासारखे वाटावे. तेव्हा कामगारांच्या एका लहानशा संघटनेने स्वतःच मोजायला सुरुवात केली. कोणत्या विभागातून किती गेले, त्यांचे वय काय, हे जाणाऱ्यांकडूनच विचारून टिपून ठेवायचे. ही संघटना १९९९ साली उभी राहिली. त्या वर्षी कंपनीने पेन्शनची पद्धत बदलली व चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचे मोठे नुकसान होणार असे दिसले. लोकांनी सभा घेतल्या, आपल्या खासदारांना गाठले. काही महिन्यांतच कंपनी थोडी मागे आली. चाळीस वर्षे वय व दहा वर्षे नोकरी झालेल्यांना जुनी पेन्शन निवडण्याची मुभा मिळाली. सगळे मिळाले नाही. पण जे मिळाले ते बोलल्यामुळे मिळाले. पुढे ती संघटना २०१६ साली बंद पडली, कारण तिचे सभासदच एकेक करून कमी झाले. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की संघटनेचा मनुष्य आहे, एकच बाजू सांगतो. मात्र मोजलेले वाया गेले नाही. २०१३ ते २०१८ या काळात वयाकडे पाहून माणसे काढल्याचे सकृद्दर्शनी दिसते, असे अमेरिकन सरकारच्या समान रोजगार आयोगाने २०२० साली म्हटले.

आमच्या बँकिंग क्षेत्रात ही धास्ती नवी नाही. १९८३ साली संघटनांनी संगणकाबाबत करार केला, तेव्हा यंत्रे किती व कोठे बसवायची याची मर्यादा घालून घेतली होती. आज ते वाचून हसू येते, पण त्या मर्यादेच्या आड एक पिढी निवृत्तीपर्यंत पोचली. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती योजना आली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षे, आणि दर वर्षाच्या नोकरीमागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी ते. सरकारी बँकांतून लाखावर माणसे गेली. आम्ही रुजू झालो तेव्हा आमच्या शाखेत त्यांच्या रिकाम्या खुर्च्या अजून कोपऱ्यात रचलेल्या होत्या. एक जुने हेड कॅशियर दर महिन्याला पेन्शनसाठी येत. एकदा गर्दी नव्हती तेव्हा म्हणाले, "अर्जावर सही माझीच आहे. तारीख मात्र शाखाधिकाऱ्याने घातली." त्यांना तीन वेळा केबिनमध्ये बोलावून लांबच्या बदलीची आठवण करून दिली होती. आलेल्या पैशांत त्यांनी घरावर मजला चढवला, थोडे मेहुण्याला धंद्यासाठी दिले. मजला आहे. मेहुण्याचे विचारू नका.

त्या रिकाम्या खुर्च्यांतील कित्येक पुन्हा भरल्याच नाहीत. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा अधिक टोचणारा आहे. सरकारी बँकेतल्या जागेत राखीव जागा असते. खाजगी कंपनीत ती नाही. जी जागा तेथून उठून कंत्राटदाराकडे जाते, ती आपल्या मुलांच्या यादीतून कायमची जाते, आणि तिची बातमी कोणत्याही पेपरात येत नाही.

आता विद्यार्थी व नोकरीत असलेल्या तरुणांसाठी थोडे कामाचे. नेमणूक पत्र वाचा. आमच्याकडे आलेल्या सहा-सात जणांपैकी ते एकानेच पूर्ण वाचलेले होते. कामावरून कमी करणे आणि राजीनामा यांत कायद्याने मोठा फरक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला, एक वर्ष सलग नोकरी झाली असल्यास, एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार दिला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत हे राहिले आहे, आणि नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम वेगळी आहे. सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट मात्र कारखाने, खाणी व मळ्यांनाच, आणि तीही आता शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या वर. ऑफिसात बसणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पण तुम्ही राजीनामा लिहून दिलात, की यातले काहीच उरत नाही. म्हणूनच एचआरचा मनुष्य गोड बोलून, पुढच्या नोकरीला अडचण येईल असे सांगून, त्याच दिवशी राजीनामा मागतो. त्या खोलीत काहीही सही न करता "मला कागद घरी नेऊन वाचायचा आहे" एवढे वाक्य म्हणण्याची तयारी आजपासून करा. आरशासमोर करा. वाटते तितके ते सोपे नाही. आमचे हेड कॅशियर सत्तावीस वर्षे नोटा मोजत होते, पण त्यांना ते जमले नाही.

७ नोव्हेंबर १९३८ चा संप येथील ज्येष्ठांना सांगायला नको. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेब मुंबईच्या कामगारांबरोबर उभे राहिले होते. आज गिरणी नाही, फाटक नाही, भोंगा नाही. प्रत्येकजण आपापल्या घरी संगणकासमोर एकटा बसलेला असतो आणि त्याला एकट्यालाच बोलावणे येते. शेजारच्याला आले की नाही, हेसुद्धा त्याला कळत नाही.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पुढे सरकवली आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या खोलीत आम्ही बसणार आहोत. कामगार न्यायालयात बरीच वर्षे काम केलेले आमचे एक निवृत्त स्नेही सोबत असतील. येताना नेमणूक पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या चिठ्ठ्या आणि कंपनीकडून आलेला कोणताही कागद घेऊन या. हप्त्याचाही प्रश्न तेथेच पाहू. कोणत्या बँकेत काय सवलत मिळते ते आम्ही विचारून ठेवले आहे. ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांनीही यावे. त्यांनी निदान मोजायला तरी मदत करावी.

जयभीम.