ध्रुवावर न पोचलेले टपाल



पोस्टमन पत्र देऊन गेला, की आपण मजकूर वाचतो आणि पाकीट चुलीत घालतो. आज मी त्या पाकिटाची बाजू घेणार आहे.

गोष्ट १९३१ सालची. सर ह्यूबर्ट विल्किन्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाने उत्तर ध्रुवावर जायचे ठरविले, आणि तेही पाणबुडीतून, बर्फाच्या खालून! अमेरिकन आरमाराने ओ-१२ नावाची आपली जुनी पाणबुडी वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने दिली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या पाणबुडीवरून तिचे नाव ठेवले ‘नॉटिलस’. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, म्हणून नामकरणाला शॅम्पेनऐवजी बर्फ वापरला.

बेत मोठा होता. खालून पाणबुडी यायची, आकाशातून ‘ग्राफ झेपलिन’ हे जर्मन हवाई जहाज यायचे, आणि ध्रुवावर दोघांनी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची. अशा पाकिटांसाठी देशोदेशीचे तिकीटसंग्राहक पैसे मोजायला तयार होते. मोहिमेच्या खर्चाला हातभार साध्या पत्रांचा, असा हा प्रकार बरं का!

पण झाले भलतेच. न्यूयॉर्क बंदरातच एक खलाशी वाहून जाऊन बुडाला. भर अटलांटिकमध्ये इंजिने बंद पडली आणि ‘वायोमिंग’ या युद्धनौकेने नॉटिलसला ओढत आयर्लंडला नेले. पुढे दुरुस्तीत दिवस गेले.

झेपलिन मात्र निघाले. जर्मनीने त्यासाठी ‘ध्रुवयात्रा’ असे छापलेली खास तिकिटे काढली होती. २७ जुलैला फ्रान्झ जोसेफ लँडच्या हूकर बेटापाशी ते पाण्यावर उतरले. तिथे भेटली ती नॉटिलस नव्हे, तर ‘मालिगिन’ ही रशियन बर्फफोडी बोट. थोड्याच मिनिटांत थैल्या बदलल्या आणि झेपलिन वर उडाले. नॉटिलस तेव्हा अजून युरोपच्या किनाऱ्यालाच होती.

ऑगस्टमध्ये ती बर्फापाशी पोचली, तर बोट खाली-वर वळविणारी मागची सुकाणूंची जोडीच नाहीशी झालेली! तरीही विल्किन्सने बोट बर्फाखाली घातली. ८२ अंशांपलीकडे थोडी मजल गेली. ध्रुव शेकडो मैल दूर राहिला. परतल्यावर नोव्हेंबरमध्ये नॉर्वेतील बर्गेनजवळ नॉटिलस मुद्दाम बुडविण्यात आली.

मग ती पाकिटे फुकट गेली का? मुळीच नाही. मोहिमेचा छाप बसलेली नॉटिलसची पाकिटे आजही संग्राहक जपून ठेवतात. बेत काय होता ते छाप सांगतो आणि पत्र खरोखर कुठे, कोणत्या दिवशी पोचले ते टपालाचा शिक्का सांगतो. बढाई मारणारा माणूस नंतर हकिगत बदलू शकेल. शिक्क्याला ते जमत नाही.

विल्किन्सचा बेतही वाया गेला नाही. १९५८ च्या ऑगस्टमध्ये नॉटिलस याच नावाची अणुशक्तीवरची पाणबुडी ध्रुवाखालून पार झाली. त्याच वर्षअखेरीस विल्किन्स वारले. १७ मार्च १९५९ रोजी ‘स्केट’ ही पाणबुडी ध्रुवावर बर्फ फोडून वर आली आणि तिच्या खलाशांनी त्यांची रक्षा तिथे विसर्जित केली.

गुरुजनहो, मुलांना घरातली जुनी पाकिटे आणायला सांगा. कुठून निघाले, कधी पोचले, मध्ये किती दिवस गेले, ते शिक्क्यांवरून वाचू द्या. एखादे उशिरा आलेले सापडले, तर का उशीर झाला ते आजीला विचारू द्या. इतिहासाचा तास तिथूनच सुरू होईल.