फुकटच्या पिशवीचा जमाखर्च



सुवर्णमहोत्सव हा पन्नास वर्षांच्या वाटचालीचा जमाखर्च मांडण्याचा प्रसंग असतो. व्यापारी समाजाला हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरात एका रुपयाचा खर्चही नोंदल्यावाचून राहत नाही. परंतु याच पन्नास वर्षांत आपल्या दुकानांत आणि घरांत एक असा व्यवहार वाढत गेला आहे, ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो व्यवहार म्हणजे गल्ल्यावरून 'फुकट' दिली जाणारी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्याबरोबर घरात येणारी नाना प्रकारची वेष्टने.

पन्नास वर्षांपूर्वी बाजाराला निघालेला माणूस पिशवी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. किराणा कागदाच्या पुडीत मिळे, गोडेतेल घरच्या किटलीत येई, जेवणावळीत पळसाच्या पानांच्या पत्रावळी असत. कापडाच्या दुकानात साडी कागदात गुंडाळून वर सुतळीची गाठ मारली जाई. पुढे प्लास्टिक आले. ते स्वस्त, हलके आणि पाण्यापासून माल वाचवणारे होते. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात दमट हवेने थानच्या थान खराब होत असे, त्या दुकानदाराला प्लास्टिकच्या पाकिटाचे मोल नक्कीच कळले. त्यामुळे प्लास्टिक ही वस्तूच मुळात वाईट आहे, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जी वस्तू शेकडो वर्षे टिकू शकते, ती दहा मिनिटांच्या वापरासाठी घेऊन फेकून देणे, ही खरी चूक आहे.

फुकट ते पौष्टिक, असे गमतीने म्हटले जाते. प्रत्यक्षात ही पिशवी कोणालाच फुकट पडत नाही. तिच्या खर्चाच्या तीन नोंदी आहेत. पहिली दुकानदाराच्या नावे पडते. वर्षभराच्या पिशव्यांची रक्कम तो शेवटी मालाच्या किमतीतूनच वसूल करतो. दुसरी नोंद नगरपालिकेच्या, म्हणजे करदात्याच्या नावे पडते. तिसरी नोंद मात्र ज्यांना कधीच बिल पाठवता येत नाही अशांच्या नावे पडते. मुकी जनावरे, खाडीतील जीव आणि कचराभूमीलगत राहणारी माणसे ती रक्कम फेडतात.

या नोंदींचे दाखले शोधण्यासाठी दूर जावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात उल्हास नदीच्या पुराने बदलापूरपासून कल्याणपर्यंतचा परिसर जलमय झाला. पाऊस अभूतपूर्व होता, नाल्यांवर अतिक्रमणे झाली होती, हे सर्व खरेच; परंतु गटारांची तोंडे बंद करण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा मोठा होता, हेही तेव्हा सर्वांनी पाहिले. अनेक व्यापाऱ्यांचा माल त्या एका रात्रीत पाण्याखाली गेला.

'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण कचऱ्याला तंतोतंत लागू पडते. कल्याणच्या खाडीकाठी आधारवाडी येथे वर्षानुवर्षे कचऱ्याचा डोंगर साचत गेला. गाठ मारलेल्या पिशवीतील खरकटे हवेविना कुजते, त्यातून ज्वलनशील वायू तयार होतो आणि उन्हाळ्यात तो पेटला की प्लास्टिकसह सारा ढीग धुमसत राहतो. तो धूर परिसरातील हजारो कुटुंबांच्या श्वासात गेला. घनकचऱ्याच्या याच अव्यवस्थेमुळे २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. स्वयंपाकघरातील पिशवीचा परिणाम घर घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसापर्यंत कसा पोहोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? महापालिकेने २०२० च्या मे महिन्यापासून ओला व सुका कचरा वेगळा करण्याची मोहीम कसोशीने राबवली आणि २०२१ साली आधारवाडीत कचरा टाकणे थांबले. ठाण्याचा कचराही अनेक वर्षे दिव्यातील रहिवाशांच्या दारी जात होता. तो २०२३ मध्ये थांबला. जागा बदलली, तरी कचरा कोठे ना कोठे जातोच. जो निर्माणच झाला नाही, त्याच कचऱ्याची विल्हेवाट लावावी लागत नाही.

ठाण्याची खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भरतीबरोबर वाहत येणाऱ्या पिशव्या त्याच खाडीतील खारफुटीच्या मुळांना गुंडाळून बसतात. रस्त्यावरची गाय उरलेल्या अन्नाच्या वासाने गाठ बांधलेली पिशवीच गिळते. ती पचत नाही, बाहेरही पडत नाही. पोटात तिचा गोळा होतो आणि खाल्लेले अन्न पुढे सरकत नाही. पांजरपोळांना सढळ हाताने दान देणाऱ्या समाजाने या गोष्टीचा विचार केला नाही, तर एका हाताने दिलेले दान दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

शासनाने कायदे केले नाहीत असे नाही. पिशवीची किमान जाडी १९९९ साली २० मायक्रॉन होती, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. केंद्र शासनाने ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. जाडी वाढवण्यामागे व्यापारी तर्क आहे. जाड पिशवी महाग पडते, म्हणून ती फुकट वाटली जात नाही; ती वजनदार असते, म्हणून कचरावेचकाला उचलणे परवडते. पातळ पिशव्या शेकड्यांनी वेचाव्या तेव्हा कुठे किलोभर वजन भरते, म्हणून त्या कोणीच वेचत नाही. महाराष्ट्राने त्याही पुढे जाऊन २३ मार्च २०१८ रोजी हाताळायच्या प्लास्टिक पिशव्यांवरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली आणि २३ जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली.

त्या पावसाळ्यात कापडी पिशव्या घराघरांतून पुन्हा बाहेर आल्या होत्या. मग काही महिन्यांत उत्साह का ओसरला? दंडाची भीती तपासणी पथकाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. दुसरे कारण अधिक खोल आहे. 'पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल,' ही धास्ती प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणून हा निर्णय एकट्या दुकानाचा असू शकत नाही. एका गल्लीतील सर्व दुकानदारांनी एकाच दिवसापासून पिशवी बंद केली, तर गिऱ्हाईक जाणार कोठे? भाव आणि सुट्टीचा वार एकमताने ठरवणाऱ्या व्यापारी मंडळींना हे अवघड नाही.

येथे एका फसव्या वस्तूविषयी सावध करणे अगत्याचे आहे. बंदीनंतर रंगीबेरंगी, मऊ, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या बाजारात आल्या. त्यांना नॉन-वोव्हन म्हणतात आणि बहुतेक ग्राहक त्यांना कापडीच समजतात. वस्तुतः त्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंना उष्णतेने दाबून केलेल्या असतात. खऱ्या कापडात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे व आडवे सूत असते; ते डोळ्यांनी दिसते व सुईने उसवता येते. या पिशवीत सूत नसतेच, केवळ दाबल्याचे बारीक ठिपके दिसतात. कापडाच्या धंद्यातील जुनी परीक्षा येथेही चालते. चिमट्यात धरलेला छोटा तुकडा ज्योतीजवळ नेला, तर सुती कापड कागदासारखे जळून राख होते. ही पिशवी वितळून तिचा कडक मणी बनतो. अशा पिशवीचे वजन दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असावे, असा केंद्राचा नियम आहे. त्याहून हलक्या पिशव्या थोड्याच वापरात फाटतात आणि त्यांचे बारीक तंतू माती-पाण्यात मिसळतात. जो कापड ओळखतो, त्यानेच ग्राहकाला हा भेद समजावून द्यावयाचा आहे.

मग प्रत्येक कार्यक्रमात सुती पिशव्या वाटाव्यात काय? येथेही हिशेब तपासून पाहावा. कापूस पिकवण्यास पाणी लागते, सूत काढण्यास व विणण्यास वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील भाराच्या दृष्टीने एक सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तरच ती एकदा वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. त्या गणितात तुंबलेली गटारे आणि जनावरांचे मृत्यू धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवले तरी त्यातील बोध मोलाचा आहे. आठवड्यातून दोनदा बाजारात नेलेली पिशवी सुमारे सव्वा वर्षात ही संख्या ओलांडते. कपाटात घडी घालून ठेवलेली दहावी पिशवी कधीच ओलांडत नाही. देणगीदारांची नावे छापून दरवर्षी नव्या पिशव्या वाटणे म्हणजे अपरिग्रहाच्या नावाने परिग्रह वाढवणे होय. घरातील जुन्या चादरीची, पडद्याची किंवा सुती साडीची शिवलेली पिशवी सर्वांत उत्तम, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही आणि शिवणाऱ्या भगिनीला चार पैसेही मिळतात.

घरातील काही सवयी तर बिनखर्चाच्या आहेत. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडून टाकू नये. तो तुकडा इतका लहान असतो की पुनर्प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाही. दररोज दोन पिशव्या घेणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला ७३० तुकडे होतात, शंभर कुटुंबांच्या सोसायटीचे ७३,०००. कोपरा पिशवीला चिकटून ठेवावा, पिशवी धुऊन वाळवावी आणि साठवून भंगारवाल्यास द्यावी. वेफर्स-फरसाणाच्या चकचकीत पाकिटांत निरनिराळ्या प्लास्टिकचे व धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती भंगारवाला सहसा घेत नाही. म्हणून फरसाण डबा नेऊन सुटे आणणे हा उत्तम मार्ग. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशनसारख्या संस्था नागरिकांकडून स्वच्छ, कोरडे प्लास्टिक गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवीत आल्या आहेत. अशा कार्याला प्रत्येक सोसायटीने हातभार लावावा. कापड दुकानदारांनीही विक्रीच्या वेळी साडीचे पारदर्शक पाकीट ग्राहकाच्या संमतीने दुकानातच ठेवून घ्यावे. स्वच्छ पाकिटे एकाच जागी साठली की त्यांना भंगारात मोल येते.

आता धार्मिक कार्यक्रमांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. साधु-साध्वींच्या पाच समितींपैकी एक समिती टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी, यासंबंधीच आहे. कोणत्याही जीवाला पीडा होणार नाही अशा जागी ती जपून ठेवावी, ही त्यामागील दृष्टी. गृहस्थाने तिचा अंश तरी पाळावा. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून थाळी धुऊन ते पाणी पिणारी परंपरा ज्या समाजात आहे, त्याच समाजाच्या स्वामीवात्सल्यात घोटभर पाण्यासाठी प्लास्टिकचा ग्लास फेकला जावा, हे शोभत नाही. प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे आणि मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची पातळ फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर कायद्यानेही बंद आहेत. स्टीलची भांडी, पाण्याचे पिंप आणि प्रभावनेसाठी कागदी पुडी एवढ्याने मोठा बदल होईल. काम थोडे वाढेल. भांडी घासण्यासाठी माणसे लागतील. परंतु तो खर्च वहीत नोंदता येतो, त्याची रक्कम चुकती करता येते आणि तो कोणा मुक्या जीवाच्या माथी पडत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन गोष्टींचा संकल्प व्हावा. प्रत्येक कुटुंबाने घराबाहेर पडताना स्वतःची पिशवी न्यावी. प्रत्येक व्यापाऱ्याने पिशवी देण्याआधी, 'आपण पिशवी आणली आहे का?' एवढा एक प्रश्न विचारावा आणि गल्लीतील इतरांनाही त्यासाठी राजी करावे. ट्रस्टच्या प्रत्येक कार्यक्रमात फेकाऊ प्लास्टिक असणार नाही, असा ठराव विश्वस्त मंडळाने इतिवृत्तात नोंदवावा. दिवाळीला नवी वही उघडताना या पानावर खर्चाची बाजू जितकी कोरी राहील, तितका समाजाचा नफा अधिक!